स्मरण आणि शांती : कॉव्हेंट्रीचे समूहगान

(हुतात्मा दिनानिमित्त शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानावरून)



दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. अशा सामुदायिक मौनाचा प्रघात १९१९ साली पडला. पहिले महायुद्ध थांबले त्याला एक वर्ष पूर्ण झाले, त्या दिवशी, ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता, ब्रिटिश साम्राज्यात ठिकठिकाणी लोक दोन मिनिटे निःशब्द उभे राहिले. मौन हे स्मरणाचे पहिले रूप होय. परंतु मौनानंतर काय, हा प्रश्न उरतोच. मेलेल्यांचे स्मरण करून माणसे आपापल्या कामाला लागतात. त्या स्मरणातून पुढच्या पिढीच्या हाती काय द्यावयाचे, हे मौन सांगत नाही. म्हणून जगातील सर्व समाजांनी मौनाच्या जोडीला गाणे ठेवले आहे. एकट्याचे नव्हे, समूहाचे गाणे. आज अशाच एका समूहगानाची हकीकत मी आपल्यासमोर मांडणार आहे. ती परक्या देशाची असली तरी तिच्यातील प्रश्न आपल्याही गावचे आहेत.

चांदण्या रात्रीचा अग्निप्रलय

इंग्लंडच्या मध्यभागी कॉव्हेंट्री नावाचे शहर आहे. सायकली, मोटारी आणि पुढे विमानांची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यांचे हे गाव. दुसऱ्या महायुद्धात १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मनीच्या शेकडो बाँबफेकी विमानांनी या शहरावर हल्ला केला. संध्याकाळी सुरू झालेला तो वर्षाव पहाटेपर्यंत चालला. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरे जमीनदोस्त झाली, आणि सेंट मायकेलचे मध्ययुगीन महामंदिर आगीत जळाले. सकाळी उरला तो उंच मनोरा आणि छप्पर नसलेल्या बाहेरच्या भिंती.

या हल्ल्याला जर्मन सेनापतींनी जे गुप्त नाव दिले होते, ते ऐकून मन खिन्न होते. ते नाव होते ‘मूनलाइट सोनाटा’, म्हणजे बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराच्या एका विख्यात पियानोरचनेचे लोकमान्य नाव. रात्र पौर्णिमेच्या सुमाराची होती, म्हणून हे नाव सुचले असावे. ज्या राष्ट्राने जगाला एवढे संगीत दिले, त्याच राष्ट्राच्या सेनेने संगीताचे नाव संहाराला दिले. संगीत आपोआप माणसाला सज्जन बनवीत नाही, हे आपण आरंभीच मान्य केले पाहिजे. संगीताचा उपयोग कोण कशासाठी करतो, यावर सारे अवलंबून आहे.

क्षमेचा शब्द

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मंदिराचे प्रमुख धर्मोपदेशक रिचर्ड हॉवर्ड भग्नावशेषांत उभे होते. छपराच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या आढळल्या. मंदिराच्या पाथरवटाने त्या बांधून त्यांचा क्रूस उभारला. मध्ययुगातील सुतारांनी छपरात ठोकलेले लांब खिळे राखेत विखुरले होते. त्यांतील तीन खिळ्यांचा आणखी एक क्रूस झाला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी हॉवर्ड यांनी त्या उघड्या भिंतींमधून रेडिओवरून भाषण केले आणि सूडाची भावना मनातून काढून टाकण्याचे आवाहन केले. लंडनवर त्या वेळी बाँब पडतच होते. युद्ध जिंकल्यावर क्षमेची भाषा बोलणे सोपे असते. हॉवर्ड यांनी ती ऐन मार खात असताना बोलून दाखविली.

पुढे भग्न वेदीमागच्या भिंतीवर त्यांनी क्षमायाचनेचे दोनच शब्द कोरविले. ‘त्यांना क्षमा कर’ असे तेथे म्हटलेले नाही. कोणाला क्षमा, हे मोकळेच ठेवले आहे; कारण अपराध केवळ शत्रूचा असतो असे नाही, आपलाही असतो. या एका गाळलेल्या शब्दात या सर्व कथेचे मर्म साठविले आहे.

नवे मंदिर बांधताना वास्तुशिल्पी बेसिल स्पेन्स यांनी जुन्या भिंती पाडल्या नाहीत. भग्न मंदिर जसेच्या तसे ठेवून त्याला लागूनच नवे मंदिर उभारले. आत जाणाऱ्याने आधी जखम पाहावी आणि मग प्रार्थना करावी, अशी ती रचना आहे. १९६१ साली जर्मनीतून तरुण स्वयंसेवक आले आणि त्यांनी त्या भग्नावशेषांत श्रमदान केले. पुढे १९६५ साली कॉव्हेंट्रीची तरुण मंडळी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी गेली आणि तेथील बाँबहल्ल्यात कोसळलेल्या एका रुग्णालयाच्या पुनर्बांधणीस त्यांनी हात लावला.

एक सैनिक आणि एक शस्त्रविरोधी

२५ मे १९६२ रोजी नव्या मंदिराचे विधिपूर्वक समर्पण झाले. त्या निमित्ताने एक नवी संगीतरचना करण्याचे काम बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराकडे आले होते. ब्रिटन (१९१३–१९७६) हे युद्धाचे कट्टर विरोधक. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला होता. युद्ध संपताच, १९४५ च्या जुलैत, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासमवेत जाऊन बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीतून वाचलेल्या हतभागी लोकांसमोर त्यांनी वादन केले होते.

विजयाचा डांगोरा पिटणारी रचना ब्रिटन करणार नव्हते, हे उघडच होते. त्यांनी मृतांसाठी चर्चमध्ये गाइली जाणारी प्राचीन लॅटिन प्रार्थना घेतली आणि तिच्या कडव्यांमध्ये विल्फ्रेड ओवेन या कवीच्या नऊ कविता गुंफल्या. रचनेचे नाव ‘वॉर रेक्विएम’, म्हणजे युद्धातील मृतांसाठी शांतिप्रार्थना.

ओवेन हा पहिल्या महायुद्धातील इंग्रज अधिकारी. शौर्याबद्दल त्याला ‘मिलिटरी क्रॉस’ हे पदक मिळाले होते. खंदकांतील चिखल, विषारी वायू आणि मरणारे सोबती त्याने डोळ्यांनी पाहिले आणि त्याबद्दलच्या करुणेतून कविता लिहिल्या. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबण्यास अवघा एक आठवडा उरला असताना, फ्रान्समधील एका कालव्यावर तो गोळी लागून पडला. वय २५ वर्षे. ११ नोव्हेंबरला गावोगाव युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईवडिलांच्या दारात तार आली.

याच ओवेनचा आपल्या देशाशी एक हृद्य संबंध आहे. शेवटच्या वेळी आघाडीवर जाताना त्याने आईचा निरोप घेतला तो रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘गीतांजली’तील ओळी म्हणून. त्याच्या मृत्यूनंतर त्याची खिशातील वही घरी आली, तीत त्याच ओळी त्याच्या हस्ताक्षरात लिहिलेल्या होत्या आणि खाली रवींद्रनाथांचे नाव होते. १९२० साली त्या मातेने रवींद्रनाथांना पत्र लिहून ही हकीकत कळविली. बंगालमध्ये जन्मलेले शब्द इंग्रज सैनिकाने फ्रान्सच्या रणभूमीवर सोबत नेले होते.

काही लोक समजतात की शांतीचे गाणे गाणे म्हणजे सैनिकाचा अवमान करणे. तसे असते तर या रचनेतील शब्द एका पदकप्राप्त सैनिकाचे का असते? लढलेला सैनिक आणि न लढण्याचा निश्चय केलेला संगीतकार, या दोघांनी मिळून हे गाणे केले आहे. सैनिकाच्या घरी मृत्यूची तार आल्यावर काय होते, हे ज्याला खरोखर कळते, तोच शांतीची किंमत जाणतो.

गाण्याची घडण

आपल्याकडील संगीतशिक्षकांसाठी या रचनेच्या घडणीविषयी थोडे सांगतो. आपल्या भजनात सर्व गाणारे एकच चाल गातात. बुवा पुढे म्हणतात, मागचे झेलतात. टाळ-पखवाज त्या चालीला उचलून धरतात. पाश्चात्त्य समूहगानात एकाच वेळी निदान चार वेगवेगळ्या चाली चालतात. स्त्रियांचे उंच आणि खालचे असे दोन सूर, पुरुषांचे तसेच दोन. प्रत्येक गटाने आपली चाल सोडावयाची नाही आणि दुसऱ्याची चाल कानाआड करावयाची नाही. मेळ साधतो तो त्यातून. स्वतःचे न सोडता दुसऱ्याचे ऐकणे, ही शिस्त समूहगान शिकविते, आणि शांततामय सहजीवनाचीही तीच शिस्त आहे.

‘वॉर रेक्विएम’मध्ये असे तीन थर आहेत. मोठा वाद्यवृंद, समूहगायक आणि एक गायिका लॅटिन प्रार्थना गातात. बारा वादकांचा छोटा वाद्यवृंद आणि दोन पुरुष गायक ओवेनच्या इंग्रजी कविता गातात. हे दोघे म्हणजे दोन सैनिक होत. तिसरा थर मुलांच्या वृंदाचा. ती मुले दूर अंतरावरून, ऑर्गनच्या साथीने गातात, जणू या जगाच्या पलीकडून. संपूर्ण गायनास सुमारे दीड तास लागतो.

रचनेच्या आरंभापासून घंटा वाजतात आणि त्यांतून दोन स्वर वारंवार कानी पडतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ते षड्ज आणि तीव्र मध्यम. यमन रागात तीव्र मध्यम किती गोड लागतो, हे आपण जाणतो, कारण तेथे त्याच्या आजूबाजूला गंधार आणि पंचम असतात. हे दोन स्वर एकमेकांसमोर उघडे उभे केले, की मनाला स्वस्थता लाभत नाही. कोठेतरी विसावा हवा असे वाटत राहते. ब्रिटननी तो विसावा श्रोत्यांना सहजासहजी मिळू दिला नाही. रचनेच्या मोजक्याच टप्प्यांवर आणि अखेरीस, वाद्ये थांबून केवळ कंठस्वर उरतात तेव्हा, ते स्वर एका सौम्य मेळात उतरतात. शांती फुकट मिळत नाही, हे कोणताही उपदेश न करता तेथे सांगितले आहे.

मधल्या एका भागात बायबलातील अब्राहामाची कथा येते. देवाच्या आज्ञेने अब्राहाम पुत्राचा बळी देण्यास निघतो आणि अखेरच्या क्षणी देवदूत त्याचा हात धरतो, मुलाऐवजी मेंढा दिला जातो, ही मूळ कथा. ओवेनच्या कवितेत म्हातारा देवदूताचे ऐकत नाही. तो आपल्या मुलाला मारतो, आणि त्याबरोबर युरोपच्या अर्ध्या तरुण पिढीला एकेक करून मारतो. दोन्ही सैनिक हे शब्द पुनःपुन्हा गात असताना दूरवरून मुलांचा वृंद अर्पणाची प्रार्थना गाऊ लागतो. वडीलधाऱ्यांच्या अहंकारासाठी मुले बळी जातात, हा आरोप येथे मुलांच्या निरागस कंठांतूनच ऐकू येतो.

अखेरच्या भागात एक सैनिक मृत्यूनंतरच्या अंधाऱ्या विवरात उतरतो. तेथे त्याला दुसरा भेटतो. तो म्हणजे आदल्या दिवशी यानेच संगिनीने मारलेला शत्रू. त्यांच्या बोलण्यात दोषारोप नाही. जगावयाचे राहून गेलेल्या वर्षांचे दुःख तेवढे आहे. दोघेही निद्रेच्या स्वाधीन होतात, आणि तेव्हा प्रथमच मोठा वृंद, छोटा वृंद आणि मुले हे तिन्ही थर एकत्र मिळून गातात.

तीन देश, तीन कंठ

३० मे १९६२ रोजी या रचनेचा पहिला प्रयोग नव्या मंदिरात झाला. ब्रिटन यांची इच्छा होती की युद्धात होरपळलेल्या तीन राष्ट्रांचे तीन गायक शेजारी उभे राहावेत. इंग्लंडचे पीटर पिअर्स, जर्मनीचे डीट्रिख फिशर-डीस्काऊ आणि रशियाच्या गालिना विश्नेव्स्काया. फिशर-डीस्काऊ हे स्वतः जर्मन सैन्यात होते. १९४५ साली इटलीत अमेरिकनांच्या हाती सापडून त्यांनी युद्धकैदी म्हणून दोन वर्षे काढली होती. विश्नेव्स्काया यांना सोव्हिएत सरकारने परवानगी नाकारली. मग हेदर हार्पर या गायिकेने अवघ्या दहा दिवसांत तो भाग बसविला आणि वेळ निभावली. पुढे १९६३ च्या जानेवारीत लंडन येथे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा मात्र विश्नेव्स्काया येऊ शकल्या, आणि तिन्ही राष्ट्रांचे कंठ एका तबकडीत एकत्र आले.

पहिल्या प्रयोगाच्या शेवटी फिशर-डीस्काऊ इतके भावविवश झाले की त्यांना जागेवरून उठणे कठीण झाले. आपले मेलेले सोबती त्यांच्या डोळ्यांपुढे उभे होते. ज्या शहरावर त्यांच्या देशाने आग ओतली होती, त्याच शहरातील हौशी गायकांच्या वृंदासमोर त्यांनी गाइले, हे विसरता कामा नये. त्या वृंदात परिसरातील सामान्य नागरिक होते. समूहगानाचे मोठेपण यातच आहे की ते सामान्य कंठांवर उभे राहते.

दुसऱ्या बाजूचे अश्रू

कथेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती पुरी होणार नाही. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन शहर जाळले. सुमारे २५,००० माणसे मेली. तेथील क्रॉयत्सकिर्ख या चर्चच्या सुप्रसिद्ध बालगायक वृंदातील अकरा मुलेही त्यांत होती. त्यांचे गुरू रुडोल्फ माउअर्सबर्गर यांनी बायबलातील विलापाच्या शब्दांवर एक समूहगीत रचले. ४ ऑगस्ट १९४५ रोजी वाचलेल्या मुलांनी त्याच जळक्या चर्चमध्ये ते गाइले. सोबत्यांच्या रिकाम्या जागा शेजारी असताना ती मुले कशी गाइली असतील, याची कल्पना शिक्षकांना अधिक येईल.

त्या शहरातील फ्राउएनकिर्ख या चर्चचा ढिगारा अनेक दशके तसाच होता. ते पुन्हा बांधून २००५ साली खुले झाले. त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस ब्रिटनमधून भेट आला. तो घडविणाऱ्या कारागिराचे वडील १९४५ च्या त्या हल्ल्यात विमान चालवीत होते. पित्याच्या हातून जे घडले त्याचे उत्तर मुलाने हातोडी आणि छिन्नी यांनी दिले.

आपले ऋण

आता आपल्याकडे वळू. युद्ध ही दूरची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० परतली नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात उपाशी झुंजल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी प्राण देऊन, आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी जखमी सोबत्यांना वाचवून, व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या शेजारी बेळगावात आहे. गोमंतक तेव्हा तटस्थ पोर्तुगालच्या अमलाखाली होता. तरी १९४३ च्या मार्चमध्ये मुरगाव बंदरात जर्मन जहाजे पेटलेली येथील लोकांनी पाहिली, आणि ब्रिटिश जहाजांवर चाकरीला असलेल्या अनेक गोमंतकीय तारवट्यांना समुद्राने कायमचे गिळले.

सातारा, रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत संगमरवराची एक लहानशी पाटी दिसते. गावातून पहिल्या महायुद्धाला किती जण गेले आणि किती मेले, एवढे आकडे तिच्यावर असतात. नावे नसतात. आकड्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, नावासाठी येते. ब्रिटन यांनी आपली रचना ज्या चार मित्रांना अर्पण केली, त्यांची नावे पहिल्याच पानावर दिली आहेत.

कोणी विचारील, अशा गाण्यांनी युद्धे थांबली काय? नाही थांबली. १९६२ च्या मे महिन्यात हे गाणे गाइले गेले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या काठावर उभे राहिले. त्याच ऑक्टोबरात आपल्या हिमालयात चीनशी युद्ध पेटले. गाणे तोफेला अडवू शकत नाही. परंतु तोफा थांबल्यावर शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडविण्याचे बळ माणसांना कोठून येते? ते बळ असल्या स्मरणातून येते, ज्यात शत्रूच्या मुलांसाठीही एक स्वर राखून ठेवलेला असतो.

गावात काय करता येईल

समूहगानाची सामग्री आपल्या गावात आहे. गोव्याच्या वाड्यावाड्यांवर भजनी मंडळे आहेत. चर्चमधून मेस्तांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि चार सुरांचे गायन शिकविले आहे. वास्को येथील दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. त्याचा आरंभ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी साथीच्या संकटातून झाला, असे परंपरा सांगते. दुःखातून समूहाचे गाणे निघते, हे आपल्याला परके नाही. उणीव एवढीच की हे गाणारे एका मांडवात क्वचित येतात.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने वर्षातून एक संध्याकाळ स्मरणगायनासाठी ठेवावी. मुलांनी घरोघर जाऊन, गावातून सैन्यात किंवा जहाजावर गेलेल्या आणि न परतलेल्या माणसांची नावे लिहून आणावीत. पंचायतीने त्यांची वही ठेवावी. त्या संध्याकाळी आधी नावे वाचावीत, मग भजनी मंडळाने, चर्चच्या गायकवृंदाने आणि शाळेच्या मुलांनी आपापले एक गाणे म्हणावे आणि शेवटी सर्वांनी मिळून एक. खर्च पेट्रोमॅक्स भाड्याने आणण्याइतकाही येणार नाही. भाषणे मात्र ठेवू नयेत. माझ्यासारखे वक्ते अशा वेळी गाण्याच्या आड येतात.

आणि एक गोष्ट पाळावी. वहीत नावे लिहिताना जात, धर्म, कोणत्या ध्वजाखाली लढला, याची छाननी करू नये. भाकरीसाठी परक्याच्या पलटणीत गेलेला गरीब मुलगाही गावचाच होता, आणि त्याची आईही गावचीच होती. स्मरण निवडक झाले की त्याचे सूडात रूपांतर व्हावयास वेळ लागत नाही. सर्वांचे स्मरण करणारे गावच पुढे सर्वांबरोबर नांदू शकते.